पुरस्कारविजेते बिल्डर व्हा!

परवा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बिल्डरच्या ऑफिसातून निरोप आला. 'ग्राहकांचा सर्वाधिक विश्वास लाभलेला विकसक' या पुरस्कारासाठी त्यांचं नामांकन झालंय, तरी सर्व 'परिवारजनांनी' सोबतच्या लिंकवर जाऊन मत द्यावं. खाली फुलं आणि जोडलेले हात. ज्या नंबरावरून हा निरोप आला, तो नंबर बी विंगची लिफ्ट बंद पडल्यापासून कुणाचा फोन उचलत नव्हता. नंबर चालू आहे हे कळल्याचाच लोकांना इतका आनंद झाला की मत द्यायचं बऱ्याच जणांच्या लक्षात राहिलं नाही.

पण लोकांना नावं ठेवायची सवयच असते. बांधकामाच्या धंद्यात पुरस्काराचे फायदे काय, हे नवख्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. तुमची वडिलोपार्जित जमीन नुकतीच रहिवासी झोनमध्ये आली असेल आणि आडनावापुढे 'ग्रुप' लावून व्हिजिटिंग कार्डं छापून झाली असतील, तर पुढचं तुमच्यासाठी.

पुरस्कार मिळेल का, ही चिंता सोडा. पहिलं होर्डिंग लागलं की फोन येतोच. 'सर, ज्युरीनं तुम्हाला शॉर्टलिस्ट केलंय.' ज्युरीत कोण आहे हे विचारू नये, बरं दिसत नाही. नामांकन अगदी फुकट असतं. पैसे पडतात ते 'पार्टनरशिप'चे. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. प्लॅटिनम घेतलंत तर पंचतारांकित हॉटेलात पुढचं टेबल, मासिकात दोन पानी मुलाखत (प्रश्नसुद्धा तुम्हीच लिहून पाठवायचे) आणि कुठल्याशा मालिकेतल्या नटीच्या हस्ते ट्रॉफी. वर अठरा टक्के जीएसटी. सीए बरा असेल तर तुमचा हा गौरव तो जाहिरात खर्चात टाकून देईल.

एवढे पैसे आणायचे कुठून? घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतली ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती फक्त जमीन आणि बांधकामावर खर्च करता येते. उरली ३० टक्के. त्यात ऑफिस, गाडी, ब्रोशर आणि आता ट्रॉफी. बसतं सगळं.

वर्ग असा निवडा की दुसरा स्पर्धकच उरू नये. 'पश्चिम पुण्यातील परवडणाऱ्या आलिशान घरांचा उदयोन्मुख विकसक' चांगला आहे.

पुरस्कार शक्यतो इमारत उभी राहण्याआधी घ्यावा. चित्रातल्या इमारतीला लीकेज नसतं. चित्रात समोर नाला नसतो, गेटवर टँकर नसतो, आणि पोडियमवरच्या हिरवळीतून एक गोरं जोडपं कुत्रा फिरवत असतं. बांधून झाल्यावर मात्र परीक्षकाला चुकून एखादा रहिवासी भेटू शकतो.

सेफ्टीचाही पुरस्कार असतो. फोटोपुरती हेल्मेटं शेजारच्या साइटवरून आणा.

हरित इमारतीसाठी आधी आंबा तोडावा, मग लॉबीत अरेका पामच्या कुंड्या ठेवाव्यात.

ट्रॉफी मिळाल्यावर ती होर्डिंगवर किमान एका मजल्याएवढी दिसली पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, जाहिरातीत प्रकल्पाची माहिती दाखवणारा क्यूआर कोड छापणं सक्तीचं केलंय, त्यामुळे तोही टाकावा लागेल. टाका. शिडी लावून स्कॅन करायला कोण चढतंय?

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे 'ग्राहक समाधान'. हा पुरस्कार ग्राहकांच्या मतांवर मिळतो, म्हणून ग्राहकांशी गोड बोलायला शिका. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, कुठाय विचारलं की म्हणा, 'प्रोसेसमध्ये आहे.' पाण्याचं कनेक्शन? प्रोसेसमध्ये. भिंतीला तडा गेला तर 'सर, हेअरलाइन आहे, बिल्डिंग सेटल होतेय.' स्लॅबमधून पाणी गळत असेल तर 'वरच्यांच्या बाथरूमचं आहे, तुम्ही आपसात बघून घ्या.' ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो, असं रेराच्या कलम १४ मध्ये लिहिलंय. ते कुणी वाचून दाखवलं तर साइट इंजिनिअरला पाठवा. तो फोटो काढेल, मान हलवेल आणि जाईल. पुढच्या महिन्यात दुसरा इंजिनिअर येईल. त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला लावा. पझेशनला उशीर होत असेल तर 'फर्निचरसाठी पझेशन' द्या. ही तुमच्या धंद्यातली सर्वात हुशार कल्पना आहे. भोगवटा प्रमाणपत्र नाही, लिफ्टचं लायसन्स नाही, पण चावी हातात. भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरून रडकुंडीला आलेला माणूस येतोच राहायला, आणि मग उशिराचं व्याज मागायला गेला की तुम्ही म्हणता, ताबा तर दिला! राहायला आलेल्यांनी टँकरचे पैसे मेंटेनन्समधून भरायचे, जनरेटरचं डिझेल भरायचं, आणि क्लब हाउसला तुमच्या सेल्स ऑफिसचं कुलूप बघायचं. आमच्याकडे डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यानं खाली आणलं. आठवड्यातून तीनदा. त्याच्या बायकोनं तुमच्या त्या कस्टमर रिलेशन वाल्या पोरीला फोन केला, तर ती म्हणाली, 'मॅम, मी तुमचा कन्सर्न पुढे पाठवते.' आणि आता त्याच बाईच्या फोनवर तुम्ही लिंक पाठवता? विश्वासाला मत द्या म्हणून?

आणि मत दिलंही काहींनी. म्हणे, पुरस्कार मिळाला तर आपल्या फ्लॅटला भाव येईल.

सल्ला पुरे झाला. पुरस्कार ही वाईट गोष्ट नाही. पुण्यात जन्मलेल्या वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीला १९९५ मध्ये वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला. संगमरवरी लॉबीसाठी नव्हे. गरिबाला प्लॉट, त्यावर पाणी आणि संडासाची सोय करून दिलेली, आणि पुढचं घर त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं, अशा योजनेसाठी. त्या पुरस्काराचा नियम असा की इमारत पूर्ण होऊन किमान वर्षभर लोक ती वापरत असले पाहिजेत, आणि मग तज्ज्ञ स्वतः जागेवर जाऊन बघून येतात. तुमच्या ज्युरीला एकदा आमच्या बेसमेंटमध्ये पाठवा. जुलैमध्ये. गमबूट आम्ही देतो.

ते जमत नसेल तर निदान कागद पुरे करा. सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावावर करून द्यायची असते. त्यासाठीचा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅटमालकीचा कायदा, १९६३ चा आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या जन्माआधीचा. तरीही २००८ मध्ये सरकारला 'मानीव अभिहस्तांतरण', म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन सोसायटीच्या नावावर करायची सोय, काढावं लागलं, कारण तुमची जमात सह्या करायला यायलाच तयार नव्हती. सत्काराला सहकुटुंब जाता, शाल पांघरून घेता, आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसात येऊन एक सही करायला तुम्हाला वेळ नाही? एफएसआय, म्हणजे आणखी बांधायची परवानगी, शिल्लक आहे म्हणून जमीन धरून बसायचं आणि वर विश्वासाची ट्रॉफी मिरवायची. शरम वाटू द्या थोडी.

आणि घरं घेणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. भाजीवाल्याकडे मटार फोडून बघता, आणि साठ-सत्तर लाखांचं घर नटीच्या हातातली ट्रॉफी बघून बुक करता. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाका. पूर्ण करायची मूळ तारीख कोणती होती, किती वेळा पुढे ढकलली, तक्रारी किती आहेत, सगळं फुकट दिसतं. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे मागायचा बिल्डरला अधिकारच नाही. सेल्सवाला कॉफी घेऊन आला की तुम्हाला ओसीचं विचारायची लाज का वाटते? तोंडावर विचारा, उत्तर लेखी मागा, आणि 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाला तर चेकबुक खिशात घालून उठा.