‘शरीर अल्कलाइन ठेवा, कॅन्सर पळेल’: या मेसेजमधला एकेक दावा

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो: १९३१ साली ऑटो वॉरबर्ग यांना कॅन्सरचं मूळ शोधल्याबद्दल नोबेल मिळालं. कॅन्सर फक्त आम्लधर्मी शरीरात वाढतो, अल्कलाइन शरीरात जगू शकत नाही. म्हणून रोज लिंबूपाणी आणि खायचा सोडा घ्या, अल्कलाइन पाणी प्या, आम्लधर्मी पदार्थ बंद करा. औषध कंपन्या हे लपवतात. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

पाठवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण ज्या घरात कर्करोगाचं निदान झालंय, तिथे हा मेसेज सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा पोचतो. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

‘नोबेल याच शोधासाठी मिळालं’

नाही. वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनात काम करणाऱ्या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या शोधासाठी. आहाराचा त्यात संबंध नव्हता. कर्करोगावर त्यांनी काम केलं होतं हे खरं, आणि ते मोलाचं होतं. गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज आंबवतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे त्यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. ग्लुकोजची ही हाव आज पेट स्कॅनमध्ये गाठ शोधायला उपयोगी पडते. श्वसनातला बिघाड हेच कर्करोगाचं मूळ, असं त्यांचं ठाम मत होतं. ते १९७० मध्ये वारले. त्यानंतरच्या संशोधनाने मूळ जनुकांमधल्या बदलांत आहे हे दाखवलं.

गाठीच्या आसपास आम्लता असते, एवढा धागा मेसेजने बरोबर उचलला आणि उलटा लावला. ते आम्ल गाठच तयार करते.

‘आम्लधर्मी अन्नाने रक्त आम्लधर्मी होतं’

सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा: ७ च्या खाली आम्लधर्मी, ७ च्या वर अल्कलाइन. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो, म्हणजे रक्त मुळातच किंचित अल्कलाइन असतं. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जीव वाचणं कठीण. इतकी नाजूक गोष्ट शरीर तुमच्या जेवणावर सोडून देत नाही. शरीर दिवसभरात जो कार्बन डायऑक्साइड तयार करतं, तो साधारण १५,००० मिलीमोल (रसायनाचं प्रमाण मोजायचं एकक) आम्लाच्या बरोबरीचा असतो. तो आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. अन्नातून उरणारं आम्ल दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे जेमतेम १ मिलीमोल. ते मूत्रपिंडं बाहेर काढतात. म्हणजे ज्या आम्लाची भीती घातली जाते, त्याच्या शंभरपटींहून जास्त आम्ल तुम्ही हा लेख वाचता वाचताही बिनबोभाट हाताळत आहात. रक्ताचा पीएच खरोखर ढळतो तो मूत्रपिंडं निकामी झाल्यावर, मधुमेहात कीटोन नावाची आम्लं साचल्यावर किंवा फुप्फुसं बिघडल्यावर. तेव्हा अतिदक्षता विभाग लागतो, तिथे लिंबूपाण्याने काही साधत नाही.

आता अल्कलाइन पाणी. ते पोटात गेलं की आधी जठररसाला भेटतं. जठररसाचा पीएच २ धरा आणि पाण्याचा ९. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक. नुसत्या हायड्रॉक्साइडचा हिशोब केला, तर ते एक लिटर पाणी एक मिलीलिटर जठररसालाच पुरतं. पाण्यात क्षार असतील तर हा आकडा वाढेल, पण मग जठर आणखी आम्ल सोडेल. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस ते सगळं पुन्हा अल्कलाइन करतो. हे रोजच, काहीही खाल्लं तरी होतं.

‘पट्टी लावून बघा, फरक दिसतो’

पीएचनुसार रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर फरक दिसतो, हे खरं आहे. पण तो लघवीत दिसतो. लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही फिरतो. भाज्या-फळं जास्त खाल्ली की तो वाढतो, कारण जादा अल्कली मूत्रपिंडांनी बाहेर टाकलेली असते. पट्टी हिरवी झाली, म्हणजे लघवी अल्कलाइन झाली, तरी रक्त होतं तसंच असतं.

माझ्या ओळखीच्या एका काकूंची केमो चालू होती तेव्हा त्या रोज सकाळी पट्टीचा रंग वहीत लिहायच्या. हिरवा आला की दिवस बरा जायचा. पिवळा आला की आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवून त्यातलं एकेक बंद व्हायचं. अंडी गेली, मग दूध आणि पनीर, मग धान्यंही कमी झाली. तोंड आलेलं, मळमळ चालू, आणि जे दोन घास उतरत होते तेही आम्लधर्मी म्हणून ताटातून बाहेर. वजन घटत गेलं आणि त्या स्वतःलाच दोष देत राहिल्या, की आपलंच पथ्य कुठेतरी चुकतंय. त्या वहीची आठवण आली की मला आजही या मेसेजचा राग येतो.

‘अल्कलाइन वातावरणात कॅन्सरच्या पेशी मरतात’

प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी ज्या द्रवात वाढवतात, त्याचा पीएच ७.४ च्या आसपास ठेवतात. म्हणजे किंचित अल्कलाइन. त्यात त्या छान वाढतात. हेला नावाच्या कर्करोगाच्या पेशी तर १९५१ पासून वाढताहेत. गाठीच्या बाहेर आम्लता असली, तरी कर्करोगाच्या पेशीच्या आतला पीएच निरोगी पेशीपेक्षा बहुधा थोडा जास्तच असतो. स्वादुपिंडाच्या रसाचा पीएच ८ च्या घरात असतो, तरी स्वादुपिंडाचा कर्करोग होतो आणि तो फार घातक असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००९ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात सोड्याचं पाणी पाजल्यावर कर्करोगाचं शरीरात पसरणं कमी झालं होतं. मूळ गाठीची वाढ मात्र थांबली नाही. हा संशोधनाचा विषय आहे, पण त्यावरून माणसांसाठी घरगुती उपचार निघत नाही.

‘औषध कंपन्या हे लपवतात’

कुणी लपवलेलं नाही. २०१६ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा उघड छापला गेला. हजारो नोंदी चाळून निकषांत बसणारा एकच अभ्यास हाती लागला, आणि त्यातही ठोस संबंध दिसला नाही. उलट, या आहाराचा अमेरिकेतला मोठा प्रचारक रॉबर्ट यंग याला परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल २०१७ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी एका कर्करुग्ण महिलेच्या दाव्यात ज्यूरीने त्याच्याविरुद्ध १०.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली.

‘करून पाहायला काय हरकत आहे?’

एक चमचा खायच्या सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २ ग्रॅमच्या आतली. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे धोक्याचं आहे. सोडा फार झाला तर पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

याहून मोठी हरकत वेळेची. बरा होऊ शकणारा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त.

मग आहाराचा काहीच संबंध नाही?

आहे, आणि चांगलाच आहे. दारू आणि प्रक्रिया केलेलं मांस यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात ठेवलंय. लठ्ठपणाचा संबंध तेरा प्रकारच्या कर्करोगांशी आहे. अख्खी धान्यं आणि तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी करतात. काय खावं, काय टाळावं याच्या अल्कलाइन यादीत भाज्या-फळं भरपूर आहेत, म्हणून काहींना ती पाळून बरं वाटतं. तो गुण भाज्या-फळांचा आहे, पीएचचा नव्हे. आणि हे सगळं धोका कमी करण्याबद्दल आहे. झालेली गाठ यातल्या कशानेही विरघळत नाही.

उपचार चालू असताना तर गरजच वेगळी असते. तेव्हा वजन टिकवायचं असतं आणि प्रथिनं वाढवायची असतात: वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. अल्कलाइन यादी नेमकी प्रथिनांच्या पदार्थांवरच फुली मारते. तुमच्या घरात कुणी ही यादी पाळत असेल, तर ती पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि काय काय बंद केलंय ते डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना दाखवा. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर बंद केलेलं बरंचसं खाणं ते बहुधा त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला सांगतील.