‘पहिल्याच धुण्यात ब्लँकेट लोंबलं’ या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार. क्रोशाच्या बेबी ब्लँकेटबद्दलचा तुमचा अभिप्राय मी नीट वाचला. पहिल्याच धुण्यात ब्लँकेट लांबीला वाढलं आणि रुंदीला कमी झालं, म्हणजे वीण सैल आहे. इस्त्री केल्यावर विणीतल्या फुगीर गाठी चपट्या झाल्या. मागची बाजू अर्धवट विणल्यासारखी दिसते. कडेला सुट्या धाग्यांची झालर मागितली तर मी नाही म्हटलं. आणि असंच मशीनचं ब्लँकेट निम्म्या किमतीत मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. या सगळ्याचं उत्तर खाली आहे. पण त्याआधी तुमच्या एका वाक्याबद्दल बोलते. ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, जाता जाता लिहिलंय: बाळ चार महिन्यांचं आहे, रात्री पांघरूण घातलं की हातपाय हलवतं आणि ब्लँकेट तोंडापर्यंत सरकतं.

कृपया रात्री ते बाळावर घालू नका. दुपारच्या झोपेतही नको.

एक वर्षाच्या आतलं बाळ जिथे झोपतं तिथे मोकळं पांघरूण, उशी, मऊ खेळणी काहीच ठेवू नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था स्पष्टपणे सांगते. इतक्या लहान बाळाला तोंडावर आलेलं कापड बाजूला सारता येत नाही. बाळाला पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर झोपवायचं; थंडी वाटत असेल तर अंगात एखादा कपडा जास्त घालायचा किंवा मापाची स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची झोपण्याची पिशवी, वापरायची. ‘क्रोशाला भोकं असतात, हवा खेळती राहते, मग काय बिघडतं?’ असं मला खूपदा विचारलं जातं. गाठींची वीण चांगलीच घट्ट असते, आणि जाळीदार असती तरी झोपलेल्या बाळाच्या तोंडावर ती चाललीच नसती. बाबागाडीवर पडद्यासारखं टाकू नका, आत ऊब कोंडते. बाळ जागं असताना आणि तुम्ही जवळ असताना ते जमिनीवर अंथरा, त्यावर बाळाला पालथं घाला, मांडीवर घेतल्यावर पायांवर टाका. त्या गाठी बोटांनी चाचपायला बाळांना फार आवडतं, आणि मी त्या घालते त्यासाठीच. पांघरूण म्हणून ते पहिल्या वाढदिवसानंतर वापरायला काढा.

आता लोंबण्याबद्दल. तुम्ही दोन्ही मापं लिहिलीत ते बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. वीण सैल असती तर कापड चारही बाजूंनी पसरलं असतं. लांबी वाढून रुंदी कमी होते ती कापड एकाच दिशेला ओढलं गेल्यावर. ब्लँकेट दोरीवर वाळत घातल्याचं तुम्हीच लिहिलंय. हे सुती धाग्याचं आहे आणि सूत भरपूर पाणी पितं. त्यातून गाठींच्या विणीत साध्या विणीपेक्षा पुष्कळच जास्त धागा जातो, त्यामुळे ओलं ब्लँकेट फार जड होतं. दोरीवर टाकलं की ते सगळं वजन टाक्यांना खाली ओढतं. लोकरीला स्वतःची लवचीकता असते, ती बरीचशी मागे येते. सूत आपणहून येत नाही.

पण टाके तुटलेले नाहीत, फक्त लांबलेत. ब्लँकेट पुन्हा पूर्ण भिजवा. पिळू नका, मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबा म्हणजे पाणी निघेल. मग सपाट जागी कोरड्या चादरीवर पसरा आणि लांबीच्या दोन्ही टोकांकडून हाताने आत सारत, रुंदीला हलकेच ओढत ७५ बाय ९० सेंटीमीटरवर आणा. तुमच्याकडे पाठवलं तेव्हा त्याचं माप तेवढंच होतं. पूर्ण वाळेपर्यंत उचलू नका. चपट्या झालेल्या गाठी ओल्या असतानाच मागून बोटाने पुढे ढकला, त्या पुन्हा उभ्या राहतील. यापुढे इस्त्री नकोच. सूत आहे म्हणून निभावलं; ॲक्रिलिक असतं तर गरम इस्त्रीने धागा कायमचा मऊ पडून लुळा झाला असता आणि त्यावर उपाय नाही. सपाट वाळवायची सूचना सोबतच्या चिठ्ठीत आहे, दोरीवर घालू नका असंही तिथे लिहिलंय.

मग सूतच का? धाग्याचा तंतू सुटून बाळाच्या तोंडात जाऊ नये म्हणून. मोहेर, अंगोरा असे केसाळ धागे हाताला छान लागतात, पण केस सोडतात. नवजात बाळासाठी मी ते घेत नाही, कितीही सुंदर दिसले तरी.

मागच्या बाजूबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न इतरांनाही पडतो. एक गाठ म्हणजे एकाच टाक्यात घातलेले पाच अर्धवट खांब (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका), शेवटी एकत्र बंद केलेले. तिच्या दोन्ही बाजूंना मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे टाके असतात आणि ते बुटके असतात. उंच खांबांना त्या बुटक्या ओळीत उभं राहायला जागा मिळत नाही, म्हणून ते दुमडतात आणि विणणाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला फुगून बाहेर येतात. त्यामुळे गाठींची ओळ नेहमी उलट बाजू समोर धरून विणायची असते. मागे दिसतो तो सपाटपणा आणि ते छोटे खळगे याच रचनेचे आहेत, त्यात काही विणायचं राहून गेलेलं नाही. दोन्ही बाजू सारख्या हव्या असतील तर बास्केटवीव्ह, म्हणजे टोपलीसारखी दिसणारी वीण घ्यावी. त्यात खांब कधी पुढून तर कधी मागून खालच्या ओळीच्या खांबाभोवती घालतात, त्यामुळे उठाव दोन्हीकडे येतो. वजन तिथेही असतंच. उठावाची कुठलीही वीण घेतली तरी धागा जास्त लागतो. हलकं हवं असेल तर साधी वीण उत्तम, आणि ऑर्डर घेताना मी ते विचारते.

झालरीला मी नाही म्हटलं आणि यापुढेही म्हणेन. बाळ हाताला येईल ते ओढतं आणि तोंडात घालतं. सुटे धागे बोटाभोवती किंवा पायाच्या अंगठ्याभोवती गुंडाळले गेले तर रक्तपुरवठा अडू शकतो, आणि मोज्याच्या आत झालेलं असं काही लवकर लक्षातही येत नाही. म्हणूनच गोंडे, मणी, बटणं मी लावत नाही. धाग्यांची टोकंही नुसती गाठ मारून सोडत नाही. सुईने तीन वेगवेगळ्या दिशांना विणीत फिरवून लपवते. तुमच्या ब्लँकेटची कड मुक्या खांबांची आहे. ती दिसायला साधी असेल, पण बाळासाठी मला तीच योग्य वाटते.

मशीनच्या ब्लँकेटशी तुलना झाली म्हणून एवढंच सांगते. दुकानात क्रोशासारखं दिसणारं बहुतेक कापड मशीनवर निटिंगच्या, म्हणजे स्वेटरसारख्या विणीने विणलेलं असतं. खरा क्रोशा आजही हातानेच होतो. सुईवर एकच फास असतो आणि प्रत्येक टाका पुरा करूनच पुढे जावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि किंमत त्या वेळेची आहे. मशीनचं ब्लँकेटही ऊब देतं, ते घेण्यात काही वाईट नाही.

घरी भिजवून मापात आणणं जमणार नसेल तर ब्लँकेट माझ्याकडे पाठवा. मी भिजवून, मापात पसरून, वाळवून परत पाठवेन, त्याचे पैसे घेणार नाही. येण्याजाण्याचा खर्चही माझा. त्यानंतरही मनासारखं वाटलं नाही तर ते परत घेऊन तुमची पूर्ण रक्कम देईन. पाठवण्याआधी फक्त ते पूर्ण कोरडं असल्याची खात्री करा. दमट सूत बंद पिशवीत राहिलं तर बुरशीचे डाग पडतात आणि ते सहज निघत नाहीत.