बरा वाटला म्हणे!

अकरा रात्री. क्रमशः छापून येणाऱ्या माझ्या कादंबरीच्या सतराव्या भागाला मी अकरा रात्री दिल्या. पहाटे तीनला उठून एक वाक्य खोडलं आणि सकाळी सातला तेच वाक्य जसंच्या तसं परत लिहिलं. बारा वर्षं एकमेकींशी अबोला धरलेल्या दोघी बहिणी अखेर एका खोलीत समोरासमोर येतात, हा तो भाग. लिहिताना मी स्वतः रडले. नाक पुसत टाइप केलंय ते.

आणि आज सकाळी एका वाचकाचा मेसेज: "बरा वाटला. मागचा भाग कंटाळवाणा होता. शुद्धलेखनाकडे लक्ष्य द्यावे."

बरा! ताप उतरला की माणसाला बरं वाटतं. शेजारीण पडद्याचं कापड आग्रहाने दाखवते, तेव्हा आपण "बरं आहे" म्हणतो आणि चपला घालतो. अहो, भिकार म्हणा ना! भिकार म्हणायला निदान जीव लावून वाचावं लागतं, माणूस चिडावा लागतो. 'बरा' म्हणजे धड शिवी नाही, धड शाबासकी नाही. वर 'वाटला'. म्हणजे आहे की नाही, त्याचीही खात्री नाही. नुसतं वाटलं.

आणि मागचा भाग कंटाळवाणा? मी गप्प बसणारी नाही. बोट दुखेपर्यंत मेसेज मागे मागे नेले. याच गृहस्थांचा, आठच दिवसांपूर्वीचा, सोळाव्या भागावरचा मेसेज: "अप्रतिम!! डोळ्यांत पाणी आले." दोन उद्गारचिन्हं. आठ दिवसांत अप्रतिमचं कंटाळवाणं कसं झालं? नासलं का? झाकण उघडं राहिलं होतं का? (हो, त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. तीन जणांना पाठवलाही आहे.)

राहता राहिलं ते 'लक्ष्य'. लक्ष्य म्हणजे ज्यावर नेम धरतात ते. ते शुद्धलेखनाला कसं द्यायचं? सोबत बाण पाठवायचे का? हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने छापली. हरिभाऊ, परिस्थिती बदलली आहे. आता लक्षात कोणीच घेत नाही, लक्ष्यात मात्र सगळे घेतात.

आणि चूक काय होती माझी? एक 'आणी'. सबंध भागात एकच! साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम, १९७२ला वाढवलेले चार, असे अठराच्या अठरा मला पाठ आहेत. शेवटची वेलांटी दीर्घ, पण 'आणि' आणि 'नि' अपवाद. 'कवी' एकटा असला की दीर्घ, 'कविमन' झालं की ऱ्हस्व. झोपेतून उठवून विचारा. फक्त झोपेतून उठवून लिहायला लावू नका.

हे सगळं संपादकांमुळे. पहिल्या भागाखाली 'क्रमशः' छापलं ते छापलं, त्याच्याखाली माझा मोबाइल नंबर कशाला? "नवीन लेखिका आहात, वाचकांशी नातं जुळेल." जुळलं. सकाळी साडेसहाला फोन येतो. "कादंबरी तुम्हीच लिहिता का?" हो म्हटलं की, "माझ्या आयुष्यावर पण एक कादंबरी होईल, लिहून घ्या." तिसऱ्या भागानंतर एकाने फोनवर चाळीस मिनिटं स्वतःच्या कविता ऐकवल्या आणि शेवटी विचारलं, "तुमच्या कथेचं नाव काय म्हणालात?" कथा नाही हो, कादंबरी!

नातेवाईक तर वेगळंच प्रकरण. कादंबरीतली कजाग मावशी वाचून माझी सख्खी मावशी दोन महिने बोलत नाहीये. आणि जिच्यावरून ती मावशी खरोखर उचलली आहे, त्या बाई फोन करून म्हणतात, "किती हुबेहूब गं, अशा बायका असतातच!" शिवाय "सगळे भाग जमले की एकदम वाचेन" म्हणणारे. वाचणार नाहीत. मलाही माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे.

तर आज मी उत्तर लिहायला बसले. चांगलं सव्वा पान. 'बरा' या शब्दाच्या चिंधड्या, 'लक्ष्य'वर स्वतंत्र परिच्छेद. पाठवणार, तेवढ्यात त्यांचाच दुसरा मेसेज.

"आणखी एक. भाग ६ मध्ये तात्या वारले ना? मग भाग १७ मध्ये दार कोणी उघडले?"

सहावा भाग काढला. वारलेत. चांगले दीड पान वारलेत. सतरावा काढला. "तात्यांनी कडी काढली आणी बाजूला झाले." तो 'आणी'सुद्धा नेमका तिथेच.

सव्वा पान खोडलं.

म्हणजे बघा, "अप्रतिम", "निःशब्द", "काळजाला हात घातलात" म्हणणाऱ्या एकालाही मेलेल्या माणसाने दार उघडलेलं खटकलं नाही. निःशब्द कसले, निर्वाचनच! मी स्वतः त्याच पानावर रडले, पण दाराकडे पाहिलं नाही. पाहिलं ते या 'बरा'वाल्याने. कॉनन डॉयलने १८९३ला आपल्याच शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं, वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली, आणि दहा वर्षांनी त्याने "तो पडलाच नव्हता" म्हणून सोडवून घेतलं. त्याला निदान प्रेत कोणी पाहिलं नव्हतं ही सोय होती. माझ्या तात्यांची नाडी मी डॉक्टरांकडून तपासून घेतली आहे. दोनदा.

अठरावा भाग सोमवारी द्यायचाय. शेवटी लाज सोडून त्यांनाच विचारलं, जुळा भाऊ दाखवला तर चालेल का?

उत्तर आलं: "विचार करून कळवतो. तोवर तुम्ही इतरांच्या बोलण्याकडे लक्ष्य देऊ नका."