खुलासा : ५० एचपीच्या ट्रॅक्टरला लोडर बसवला की जेसीबी लागत नाही?

निफाड-दिंडोरीकडे फिरणाऱ्या या मेसेजमधला दावा अर्धाच खरा आहे. शेणखत, माती, मोकळा मुरूम भरायला लोडर (ट्रॅक्टरच्या पुढे बसवायची हायड्रॉलिक बकेट) उत्तम. पण जुन्या द्राक्षबागेची खोडं, मांडवाच्या अँगलचे काँक्रीट पाये आणि बाभळीचे बुंधे उपटणं हे त्याचं काम नव्हे.

एचपी नांगर ओढायला उपयोगी. बुंधा उचकटायला हायड्रॉलिकचा जोर आणि यंत्राचं वजन लागतं. असा ट्रॅक्टर साधारण २ टनांचा, बॅकहो लोडर (ज्याला आपण जेसीबी म्हणतो) ७ टनांच्या वर. बकेट बुंध्याखाली घालून रेटलं की मागची चाकं उचलली जातात, सगळा भार पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. आधी किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि बेअरिंग जातात. मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत सबफ्रेम (लोडरचा भार पेलणारी लोखंडी चौकट) नसेल, तर क्लच हाउसिंगलाच (क्लचच्या कवचालाच) तडा जातो आणि ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागतो. हा खर्च फार जड जातो.

लोडर घ्यायचाच तर फोर-व्हील ड्राइव्ह आणि पॉवर स्टिअरिंग बघा. मागच्या टायरमध्ये ७५ टक्क्यांपर्यंत पाणी भरा, थ्री-पॉइंटला (मागे अवजारं जोडायच्या सांगाड्याला) वजन लावा, भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच चाला. बाग काढायला बॅकहो तासावर बोलवा. ओळीत चालणाऱ्या मिनी ट्रॅक्टरला मात्र मोठा लोडर लावूच नका. उताराच्या बांधावर तो उलटतो.