आवाज बंद झाला, हे लेखात यायला हवं होतं

‘डोळ्यावर आपोआप फोकस धरणारे कॅमेरे हा वन्यजीव छायाचित्रणातला सर्वांत मोठा बदल’ हे लेखातलं विधान मला पटलं नाही. ती सोय मोठीच आहे, पण ती आपली सोय. प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर मोठा बदल म्हणजे शटरचा आवाज थांबला, आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही! डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, प्रत्येक फोटोला तो आरसा वर आपटायचा. पाणवठ्याजवळ लपून बसल्यावर पहिल्याच खटक्याला हरणाचे कान आपल्याकडे वळलेले मी कितीदा तरी पाहिलेत. पुढच्या सगळ्या फ्रेममध्ये मग ते ताठरलेलंच. मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा घेतल्यापासून तीच जनावरं निवांत पाणी पिताना मिळतात.

ही शांतता इलेक्ट्रॉनिक शटरची, त्यात काहीच हलत नाही. सुरुवातीच्या अशा शटरमध्ये सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) ओळीओळीने वाचला जायचा, त्यामुळे उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे यायचे (हमिंगबर्डचे तर विचारूच नका). सेन्सरचा वेग वाढला तशी ही अडचण कमी झाली. २०२१च्या निकॉन झेड ९मध्ये यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही, आणि २०२३मध्ये जाहीर झालेला सोनी ए ९ थ्री तर अख्खी फ्रेम एकाच क्षणी टिपतो. त्रास फक्त आवाजाचा नव्हता, प्रकाशाचाही होता. अमेरिकन वन्यजीव छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांचे रात्रीच्या हरणांचे गाजलेले फोटो १९०६मध्ये नॅशनल जिओग्राफिकने छापले, ते फ्लॅशची पूड पेटवून काढलेले होते. आता वाढीव आयएसओवर (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून) संधिप्रकाशातही फ्लॅशविना काम होतं. प्राण्यांना होणारा त्रास किती घटला, यावर लेखकाने सविस्तर लिहावं, ही मनापासून विनंती.