गुडघा म्हणजे टायर नव्हे

"गुडघा टायरसारखा असतो, वापराल तितका झिजतो. पन्नाशीनंतर जिना, पळणं, खाली बसणं बंद." आमच्या गिरगावच्या चाळीच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली उतरणंच सोडलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गप्प बसवत नाही.

टायर निर्जीव. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, जिवंत असते, पण तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की फुगते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात तो द्रव आतबाहेर खेळतो. पाऊलच पडलं नाही तर तिला भरवणार कोण?

पळणं. 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघ्याची किंवा खुब्याची झीज हौशी धावणाऱ्यांपैकी 3.5 टक्के लोकांत दिसली, न धावणाऱ्यांपैकी 10.2 टक्क्यांत. गुडघे दुखणारे पळणं आधीच सोडतात, हेही धरायला हवं. तरी हौसेनं पळून गुडघे जातात, असं यातून मुळीच निघत नाही.

जिन्याच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. कृत्रिम गुडघ्यात सेन्सर बसवून मोजलेला भार असा: सपाट चालताना वजनाच्या साधारण अडीचपट, चढताना तिपटीहून थोडा जास्त, उतरताना जवळजवळ साडेतीनपट. दादरच्या पुलावर चढताना दम लागतो, पण गुडघा कुरकुरतो तो उतरताना. कठडा धरून एक पायरी अगदी सावकाश उतरा आणि मागे वरच्या पायरीवर राहिलेल्या पायाच्या मांडीवर तळहात ठेवा. मांडी दगडासारखी लागेल. तो स्नायू ताणला जाता जाता ब्रेक लावत असतो. जिना बंद केला की नेमका तोच सुकतो, आणि मग धक्का थेट सांध्यावर. दुखत असेल तर चढा पायांनी, उतरा लिफ्टनं.

"बसताना गुडघा पायाच्या बोटांपुढे नको" हा नेहमीचा सल्लाही अर्धवट. 2003 मध्ये खांद्यावर वजन घेऊन बैठका मारणाऱ्या पुरुषांवर हे मोजलं गेलं. गुडघा अडवल्यावर त्याच्यावरचा ताण पाचव्या हिश्शानं घटला, खुब्यावरचा मात्र दहापटीच्या घरात गेला.

सुजलेला किंवा मध्येच अडकणारा गुडघा डॉक्टरांनाच दाखवायचा, त्यात दुमत नाही.

काकू, तुमचा गुडघा सुजलेला नाही, मी पाहिलाय. उद्या सकाळी सातला मी जिन्यात येते. एकच मजला, कठडा धरून.