गौरीजेवणाच्या रात्रीच्या एकतीस ऑर्डरी

आज दुपारी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर एकाने स्क्रीनशॉट टाकला. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, अडीच हजारांना असलेला गेम कुठल्याशा रीसेलर साइटवर, म्हणजे तिऱ्हाईत लोक गेम विकतात अशा साइटवर, नऊशेला. खाली लिहिलंय, ‘स्टीमवर घेणारे येडे.’ त्यावर अकरा अंगठे. माझा धाकटा भाऊ त्याच ग्रुपवर आहे. त्याने मेसेज वाचला आणि काहीच बोलला नाही. म्हणून मी बोलतेय. नाव घेत नाही, पण ज्याने टाकलाय तो हे वाचणार आहे.

भाऊ गेम बनवतो. चौघं जण, कर्वेनगरच्या टू बीएचकेचा हॉल, अडीच वर्षं. मी सीए आहे, त्यांचे हिशेब मीच बघते. गेम स्टीमवर आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या वेबसाइटवरही कीज विकायला ठेवल्या. की म्हणजे एक कोड. तो स्टीममध्ये टाकायचा, गेम तुमच्या खात्यात जमा.

गौरीजेवणाच्या रात्री त्या वेबसाइटवर एकतीस ऑर्डरी आल्या. सगळ्या परदेशी कार्डांवरून. त्याआधीच्या अख्ख्या आठवड्यात चार आल्या होत्या. भावाने पहाटे फोन केला, ‘ताई, गेम चालला गं!’ आईने देवापुढे साखर ठेवली. विसर्जनाला तुम्ही सगळे आमच्याकडे होतात. पेढे सगळ्यांनी खाल्ले. तूही खाल्लेस.

दिवाळीच्या तोंडावर एकेक नोटीस यायला लागली. कार्डं चोरीची होती. ज्याचं कार्ड, तो बँकेकडे तक्रार करतो, बँक पैसे परत खेचून घेते. याला चार्जबॅक म्हणतात. एकतीसच्या एकतीस. आठ डॉलरप्रमाणे २४८ डॉलर परत गेले, आणि दर ऑर्डरीमागे पंधरा डॉलर दंड, तो ४६५. मी एक्सेलमध्ये एंट्री करत होते आणि भाऊ मागे उभा राहून बघत होता. गेम विकला गेलाच नव्हता. उलट त्याने पदरचे पैसे घालून चोराला माल दिला होता.

आणि त्या कीज? आल्या ना अशाच एका साइटवर, निम्म्याहून कमी भावात. चोराला त्या फुकट पडलेल्या, तो कितीलाही विकेल. तुमच्यासारखी माणसं खरे पैसे देतात आणि त्याचे चोरीचे पैसे धुऊन निघतात. तुझे ते वाचलेले सोळाशे रुपये कोणाच्या खिशातून आले हे मला विचार, माझ्याकडे शीट आहे.

हे फक्त आमच्याच नशिबी आलं असं नाही. फॅक्टोरियो हा गेम बनवणाऱ्या प्रागच्या वूब सॉफ्टवेअरबरोबर २०१६ मध्ये हेच झालं होतं. जीटूए या रीसेलर साइटने तपासणीनंतर २०२० मध्ये कबूल केलं की त्यांच्या साइटवर १९८ चोरीच्या कीज विकल्या गेल्या, आणि ३९,६०० डॉलर भरून दिले. चार वर्षांनी! वूबचं नाव मोठं होतं म्हणून निदान मिळाले. नो मोअर रोबॉट्स या गेम प्रकाशकाचे माइक रोझ २०१९ मध्ये उघड म्हणाले होते की तिथून घेण्यापेक्षा आमचा गेम सरळ पायरेट करा, म्हणजे चोरून फुकट उतरवा. पायरसीत बनवणाऱ्याला शून्य मिळतं. इथे वजा.

हो, सगळ्या कीज चोरीच्या नसतात. कुणी बंडलमधली, म्हणजे अनेक गेम एकत्र घेतल्यावर उरलेली की विकतो, कुणी जिथे गेम स्वस्त मिळतो त्या देशातली. मान्य. पण स्क्रीनशॉट टाकताना तुला माहीत होतं का, यातली कुठली ते? विचारलंस?

गेम महाग आहेत हेही खरं. चार हजारांचा गेम कॉलेजच्या पोराने कसा घ्यायचा? इथे मला एक मेल आठवतो. त्या एकतीस कीज रद्द करायच्या का, यावर चौघं रात्रभर भांडले. शेवटी रद्द केल्या. तिसऱ्या दिवशी सोलापूरहून मेल आला. दहावीतला मुलगा. त्याने साठवलेल्या खाऊच्या पैशांतून अशाच साइटवरून की घेतली होती, आणि गेम त्याच्या स्टीम खात्यातून गेला होता. साइटवाले उत्तर देत नव्हते. ‘दादा, मी काय चूक केली?’ एवढंच लिहिलं होतं. भावाने त्याला नवीन की पाठवली आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्वस्त हवं असेल तर गेम विशलिस्टमध्ये टाका, सवलत लागली की स्टीम स्वतः मेल करतं. हंबल, फॅनॅटिकल या साइटवर घ्या, त्यांच्याकडे प्रकाशकांनी दिलेल्या कीज असतात. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलात तर पैसे परत मिळतात. हे दहावीतल्या मुलाला माहीत नसेल. तुला आहे. तू आयटीत आहेस, हिंजवडीला जातोस, तुझ्या फोनची किंमत मला माहीत आहे.

आणि ‘येडे’? त्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपणारी पोरं बघितली आहेस तू. वर्षश्राद्धाला आला होतास तेव्हा त्यांच्याच खुर्चीवर बसून गेम खेळून गेलास, छान आहे म्हणालास.

तो स्क्रीनशॉट काढ. आणि भावाला फोन कर, मला नको. आज रात्री त्यांचं अपडेट जायचंय, तो जागाच असेल.